डावं की उजवं?

[दृश्य : तीन स्क्रीनवर पसरलेली धावपट्टी. रणरणतं ऊन.]

ही पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी. लांबी सुमारे अडीच किलोमीटर, समुद्रसपाटीपासून उंची १,९४२ फूट. मालकी हवाई दलाची, प्रवासी विमानं त्यांच्या शेजाराने उडतात.

आपण मात्र आहोत कोथरूडमध्ये, एका फ्लॅटच्या मागच्या खोलीत. एअरबस ए-३२० या प्रवासी विमानाचं हे नकली कॉकपिट इथेच उभं राहिलंय. प्लायवूड टिंबर मार्केटचं, दिवे आणि स्विच तापकीर गल्लीतले. खुर्च्या भंगारात निघालेल्या गाडीच्या, म्हणून मागे सरकवताना अजून कुरकुरतात.

[दृश्य : भिंतीवर वेळापत्रक. फ्लाइट नंबर, नावांपुढे तास.]

व्हर्च्युअल एअरलाइन म्हणजे हौशी मंडळींची, फक्त सिम्युलेटरवर उडणारी विमान कंपनी. तिथे वेळापत्रक असतं, हुद्दे असतात, प्रत्येक उड्डाणाचा अहवाल भरावा लागतो. पगार तेवढा नसतो. डाव्या खुर्चीत इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, आजची कॅप्टन. उजवीकडे बँकेत नोकरी करणारे दादा. मागे स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेत ते काका. पिंपरीच्या एका कारखान्यात देखभाल विभागात त्यांचा जन्म गेला. उड्डाणात मुद्दाम बिघाड लावायचं काम त्यांचं.

[दृश्य : कीबोर्ड जवळून. एका कळीची जागा रिकामी.]

इथे 'पी'ची कळ नाही. एक्स-प्लेन या सिम्युलेटर प्रोग्रॅममध्ये ती दाबली की विमान हवेत जागच्या जागी थांबतं. काकांनी कळच उपटून ठेवली आहे. घरोघरचे हौशी पायलट इंजिन गेलं की पहिल्यांदा पॉज करतात, नाहीतर सरळ रीस्टार्ट. या खोलीत ती सोय नाही, आणि आम्हाला विचाराल तर बरंच आहे.

[दृश्य : लॅपटॉपवर बिघाडांची लांबलचक यादी.]

यादी पाहा. प्रत्येक बिघाड कधी यायचा ते ठरवता येतं : अमुक वेगाला, अमुक उंचीला, अमुक वेळी. काकांनी तापमान चाळीस ठेवलंय, पुण्याचा एप्रिल. अशा उन्हात हवा विरळ होते, इंजिनाचा जोर उतरतो, पंखांची उचलही. विमान असं वागतं, जणू धावपट्टी पाच हजार फुटांच्याही वर आहे. मग काका दोन ओळींवर खूण करतात : इंजिन बंद आणि इंजिनाला आग. वेग १४२ नॉट. कोणतं इंजिन, ते पुढच्या दोघांना माहीत नाही.

[दृश्य : टेकऑफ. कॅप्टनचा उजवा हात.]

आता हा हात बघत राहा. व्ही-वन हा निर्णयाचा वेग, आज १४० नॉट, म्हणजे ताशी २६० किलोमीटरच्या आसपास. त्याच्या आत काही झालं तर ब्रेक. त्यानंतर थांबायला पुरेशी धावपट्टी उरत नाही, उडावंच लागतं. हाक येते, "व्ही-वन", आणि हात थ्रॉटलवरून, म्हणजे इंजिनाचा जोर ठरवणाऱ्या दांड्यांवरून, निघतो. मन बदललं तरी हाताला वाव नको, म्हणून ही पद्धत.

आणि गेलं.

[दृश्य : नाक डावीकडे वळतं. लाल दिवा. घंटीचा आवाज काही क्षण तसाच.]

डावं इंजिन मेलं. उजवं ढकलतंय, त्यामुळे नाक डावीकडे ओढलं जातंय. खाली पाहा, उजवा पाय रडरवर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पॅडलवर. समोरच्या स्क्रीनवर, वरच्या निळ्या खुणेकडे कॅप्टनचं लक्ष आहे. एरवी पिवळी असणारी ही खूण अशा वेळी निळी होते; ती मधोमध आणली की पाय बरोबर पडला. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला चाकं आत घेतल्यावर एकाच इंजिनावर दर शंभर मीटरला निदान २.४ मीटर चढता आलंच पाहिजे, असा प्रमाणपत्राचा नियम आहे. तेवढ्या पुंजीवर हे वर चाललंय.

घंटी वाजतेय, आग दिसतेय, आणि दोघं काहीही करत नाहीत. धावपट्टीपासून चारशे फुटांपर्यंत फक्त विमान उडवायचं. काकांचा सगळा जोर याच काही सेकंदांवर असतो. "आग लागली म्हणून पळापळ नको. आधी विमान."

चारशे. दादा स्क्रीन वाचतात. थ्रॉटल मागे. मग इंजिनाचा मास्टर स्विच.

[दृश्य : दादांचं बोट. अत्यंत जवळून.]

बोट दोन नंबरवर आहे. चालू इंजिनावर.

"थांबा दादा. डावं," कॅप्टन म्हणते.

बोट सरकतं. "एक नंबर. कन्फर्म?" ती मान वळवून बघते, मग म्हणते, "कन्फर्म." स्विच बंद.

हे खरोखर घडलंय. १९८९, इंग्लंडमधलं केगवर्थ : चुकीचं इंजिन बंद, ४७ मृत्यू. २०१५, तैपेई : पुन्हा तेच, ४३.

[दृश्य : छतावरचं लाल बटण. स्क्रीनवर उलटे आकडे.]

लाल बटण दाबलं, तरी आग विझवणारा वायू लगेच सोडायचा नाही. स्क्रीन दहापासून उलटं मोजते. बंद केलेल्या इंजिनातून वाहणारी हवा मंदावू द्यायची, म्हणजे वायू तिथे टिकतो. आम्ही हे दहा सेकंद कापलेले नाहीत. मग वायूची बाटली फुटते, लाल दिवा विझतो. नसता विझला तर तीस सेकंदांनी दुसरी.

मग मेडे, म्हणजे रेडिओवरची संकटाची हाक. ती ऐकायला कंट्रोलर नाही, कारण आज सगळं ऑफलाइन. घरोघरचे सिम्युलेटर जोडणाऱ्या व्हॅटसिम या नेटवर्कवर, २००१ पासून, जगभरचे हौशी कंट्रोलर बसतात. तिथे आणीबाणी जाहीर करायला मुभा आहे, पण कंट्रोलरने आवरा म्हटलं की आवरायची, नाहीतर बाहेर पडायचं. अपहरणाच्या नाटकाला तर बंदीच. भरल्या संध्याकाळी तिथे सराव करून इतरांची विमानं खोळंबवणं काकांना पटत नाही.

[दृश्य : लँडिंग. मग छापील अहवाल, पेन्सिलीच्या खुणा.]

लँडिंग ठीक झालं. काका त्यावर फारसं बोलतही नाहीत. पेन्सिल थांबते एका आकड्यावर : पहिली कृती ३१० फुटांना सुरू झाली होती. दादा "चारशे" म्हणाले तेव्हा चारशे झालेच नव्हते.

"अहो, पण काका, घंटी इतकी वाजत होती..."

"वाजू दे की. घंटी बंद करायचं बटण दोघांसमोर आहे. तिने दाबलं नाही, तुम्हीही नाही."

कॅप्टन वहीत लिहून घेते. दादा पाण्याची बाटली संपवतात. काका लॅपटॉपवर वेग बदलतात आणि स्क्रीन हाताने झाकतात.

"खुर्च्या बदला. आता दादा उडवतील, बोट हिचं."