छातीत दुखतंय आणि कॅज्युअल्टीत नुसतं बसवून ठेवलंय? मग हे विचारा

नमस्कार. कॅज्युअल्टीतून चिडून बाहेर पडलेल्या माणसाची पहिली तक्रार असते, 'दोन तास नुसतं बसवून ठेवलं.' पण बसवून ठेवणं ही दरवेळी चूक नसते. तिथे नंबर आल्याच्या क्रमाने लागत नाही, जिवाला धोका किती यावर लागतो. खरी चूक कुठे होते ते छातीत दुखण्याच्या उदाहरणावर बघू, कारण तिथे ती सगळ्यात महाग पडते.

दारातून आत आल्यापासून 10 मिनिटांत इसीजी निघून तो डॉक्टरांनी बघायला हवा. केसपेपर, डिपॉझिट, आधार कार्ड, सगळं त्यानंतर. म्हणून काउंटरवर 'बरं वाटत नाहीये' असं मोघम बोलू नका. एका दमात सांगा: 'छातीत दुखतंय, साडेदहाला सुरू झालं, घाम आलाय, शुगर आहे.' सुरू झाल्याची वेळ नक्की सांगा, पुढचे निर्णय तिच्यावर ठरतात. आणि मधुमेही, बायका, म्हातारी माणसं यांच्यात छातीत न दुखताही अटॅक येतो. नुसती धाप, मळमळ किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं एवढंच असतं. इसीजी न काढता अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवत असतील, तर तिथेच थांबा आणि 'आधी इसीजी काढा' म्हणा. हे म्हणायला अजिबात संकोच नको.

आता इसीजी नॉर्मल आला. म्हणजे सुटलो का? नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं, पण त्याला वेळ लागतो. दुखणं सुरू होऊन तासभरच झाला असेल, तर पहिला रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून काही तासांनी तीच तपासणी पुन्हा करतात. किती तासांनी, ते हॉस्पिटलमध्ये कोणती टेस्ट आहे त्यावर अवलंबून. म्हणजे तुम्ही ज्या वेळेला वैतागलात, ती दोन रिपोर्टमधली वेळ हा उपचाराचाच भाग आहे. हे एका वाक्यात कोणी सांगत नाही, याचा राग येणं मात्र रास्त आहे. तुम्हीच विचारा: 'दुसरं ट्रोपोनिन किती वाजता? दुसरा इसीजी कधी?' मधे दुखणं वाढलं तर लगेच सिस्टरला सांगा, इसीजी तेव्हाच पुन्हा काढायचा असतो.

इसीजीत मोठा अटॅक दिसला, तर मुद्दा कॅथ लॅबचा, म्हणजे अँजिओप्लास्टी करून हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडतात त्या खोलीचा. आल्यापासून साधारण 90 मिनिटांत अँजिओप्लास्टी व्हावी, असं धोरण असतं. म्हणून घरून निघतानाच हॉस्पिटलला फोन करून विचारा, 'कॅथ लॅब आत्ता चालू आहे का?' ठाण्यातल्या घोडबंदर रोडला रात्रीसुद्धा गाडी अडकते. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, 108 ला फोन करा, ती अँब्युलन्स मोफत आहे.

पैशांवरून अडवलं तर? जीव वाचवणं हे सरकारी आणि खासगी, दोन्हीकडच्या डॉक्टरांचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलंय.

घरी निघताना कागद घ्या: इसीजीची प्रत, दोन्ही रिपोर्ट वेळेसकट, आणि काय झालं तर परत यायचं ते लिहून. तुम्ही स्वतःहून निघत असाल तर 'सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज' अशा कागदावर सही मागतात. वाचल्याशिवाय ती करू नका. दाखल करून घेतलं असेल, तर पूर्ण केसपेपर लेखी अर्ज केल्यापासून 72 तासांत द्यावा लागतो, 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत तसं आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

खासगी हॉस्पिटलची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करा, ठाण्यात ठाणे महापालिका, वाशी-नेरुळला नवी मुंबई महापालिका. नर्सिंग होमची नोंदणी तेच करतात. डॉक्टरच्या निष्काळजीपणाची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग, पण 2 वर्षांच्या आत. अर्जात 'नीट बघितलं नाही' असं लिहून काही होत नाही. किती वाजता पोचलात, इसीजी किती वाजता निघाला, डॉक्टर किती वाजता आले, एवढं लिहा. इसीजीच्या पट्टीवर वेळ बहुतेक वेळा छापलेली असते, तिचा फोटो तिथेच काढून ठेवा.