मड इंजिनिअरचा चिखल

(दृश्य : मिरामारचा किनारा. बाकावर दोन काचेचे ग्लास आणि बेंटोनाइटची पुडी.)

एका ग्लासात घरच्या विहिरीचं पाणी आहे, दुसऱ्यात आत्ताच लाटेतून भरून घेतलेलं. दोन्हींत बेंटोनाइट या चिकणमातीची सारखीच भुकटी टाकू, नीट ढवळू आणि रात्रभर ठेवून देऊ.

(दृश्य : दुसरा दिवस. तेच दोन ग्लास, जवळून.)

विहिरीच्या पाण्यात बेंटोनाइट फुगून आंबोळीच्या पिठासारखं झालंय. समुद्राच्या पाण्यात ते गपगुमान तळाला जाऊन बसलंय, आणि वर पाणी नितळ. तेलविहीर खोदताना आत सोडायचा चिखल, म्हणजे मड, याच मातीचा करतात. समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी या दुसऱ्या ग्लासात आहे.

बेंटोनाइट कच्छ-राजस्थानकडून येतं. त्याचा कण पापुद्र्यांचा असतो आणि पापुद्र्यांमध्ये गोडं पाणी शिरलं की तो फुगतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, ते पापुद्रे नीट उलगडूच देत नाहीत. म्हणून समुद्रातल्या रिगवर, म्हणजे खोदकामाच्या तळावर, बेंटोनाइट आधी गोड्या पाण्यात भिजवतात. हे पाणी किनाऱ्यावरून बोटीनं न्यावं लागतं.

(दृश्य : चिऱ्यांच्या खाणीजवळ बोअर मारणारी गाडी, उडणारा लाल भुगा.)

आपल्याकडे बोअर मारताना भुगा हवेच्या दाबानं बाहेर उडतो. तीन किलोमीटर खोल तेलविहिरीत हे काम मडकडे असतं. पंपानं तो पाइपातून खाली ढकलायचा. तो बिटच्या, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकाच्या, भोकांतून जोरात बाहेर पडतो, बिट थंड ठेवतो आणि पाइपाबाहेरच्या जागेतून खडकाचे तुकडे घेऊन वर येतो. वर शेल शेकर नावाच्या थरथरत्या चाळणीवर तुकडे वेगळे होतात आणि मड पुन्हा खाली जातो.

एवढंच असतं तर संशोधनाची गरज नव्हती. पण खडकात अडकलेला वायू आणि तेल दाबाखाली असतात, आणि त्यांना जागेवर ठेवायचं तर मडला वजन हवं. नुसत्या पाण्याचा तीन हजार मीटरचा स्तंभ तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 300 किलोचा दाब देतो. कमी पडला तर बॅराइट घालतात. हे पाण्याच्या चौपटीहून जड खनिज आंध्र प्रदेशातल्या मंगमपेटला मोठ्या प्रमाणावर सापडतं. वजन जास्त झालं तर मात्र खडकच फाटतो आणि मड भेगांत नाहीसा होतो. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत! मेक्सिकोच्या आखातात 20 एप्रिल 2010 रोजी डीपवॉटर होरायझन रिगवर विहिरीतला जड मड काढून त्या जागी समुद्राचं पाणी भरणं चालू होतं. विहिरीचं सिमेंट दाब धरू शकलं नाही, आणि वायू वर आला. 11 माणसं गेली.

पंप थांबला की आणखी एक परीक्षा. वाहता मड पातळ हवा, थांबलेला मड काही क्षणांत घट्ट व्हायला हवा, नाहीतर वर येणारे तुकडे परत खाली बसतात आणि पाइप अडकतो. पंप सुरू झाला की तोच मड पुन्हा पातळ. एकाच द्रवाकडून इतक्या उलटसुलट अपेक्षा क्वचितच कुणी ठेवत असेल.

(दृश्य : मार्श फनेल. खालून पडणारी धार, हातात स्टॉपवॉच.)

1901 साली टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपला डबक्यात गुरं फिरवून मड केला होता, असं सांगतात. 1931 मध्ये हॅलन मार्श यांनी मडचा दाटपणा जोखायला हे फनेल पुढे आणलं. फनेलमधून 946 मिलिलिटर पाणी पडायला 26 सेकंद लागतात, मडला त्याहून जास्त. इतकं साधं साधन आजही रिगवर रोज वापरतात, आणि मला त्याचं कौतुक वाटतं.

पण विहिरीच्या तळाशी काय होईल, ते फनेल सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत मड स्टीलच्या डब्यात बंद करून भट्टीत गोल गोल फिरवत ठेवतात, बहुधा 16 तास, आणि तापमान विहिरीच्या तळाचं. मग डबा उघडायचा. स्टार्च वापरलं असेल आणि तापमान 120 अंशांच्या बरंच वर असेल, तर मड पाण्यासारखा सुटलेला दिसतो. कधी वरून ठीकठाक दिसतो, पण तळाशी सळी घातली की बॅराइटचा कडक थर हाताला लागतो. रिगवर हीच गोष्ट कळायला फार पैसे पडतात. आपल्या देशात या विषयासाठी ओएनजीसीची ड्रिलिंग तंत्रज्ञान संस्था देहरादूनला आहे.

खाऱ्या पाण्यावरचा एक चांगला उपाय शेतीच्या बाजूनं आला. कोबी कुजवणारा एक जिवाणू साखरेवर वाढवला की चिकट पदार्थ तयार करतो, हे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत हाती लागलं. तोच झँथन गम. तो खाऱ्या पाण्यातही तुकडे तोलून धरतो. आइसक्रीममध्येही तोच असतो.

(दृश्य : बेतूलचा धक्का. सुंगटांच्या (कोळंबीच्या) टोपल्या, मागे साळ नदीचं मुख.)

गोव्यातल्या बेतूलला ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये इंडिया एनर्जी वीक हा ऊर्जाक्षेत्राचा मेळावा इथेच भरला आणि सागरी बचावाच्या प्रशिक्षण केंद्राचं उद्घाटनही झालं. समुद्रात पडलेल्या माणसानं जीव कसा वाचवायचा, ते इथं शिकवतात. समुद्रात पडलेल्या मडचं काय होतं, हा प्रश्नही तितकाच गोव्याचा आहे.

2005 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार डिझेलवर आधारलेल्या मडला बंदी आहे, आणि बॅराइटमध्ये पारा किलोमागे 1 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. मडमधली रसायनं कमी विषारी हवीत. त्यासाठी कोळंबीसारखे मायसिड नावाचे बारीक जीव किंवा स्थानिक संवेदनशील जीव 96 तास तपासायचे. निम्मे मरायला लागणारं प्रमाण लिटरला 30,000 मिलिग्रॅमच्या वर असलं पाहिजे.

इथेच संशोधकांची खरी कोंडी होते. चिकणमातीचा खडक पाण्यानं फुगू नये म्हणून मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड घालतात. खडकाला ते मानवतं, पण मायसिडला पोटॅशियम सोसत नाही. मेक्सिकोच्या आखातात असे मड या चाचणीत अडकले. त्यामुळे खडक आवरण्यासाठी अमाइन जातीची रसायनं पुढे आली.

आता ‘स्थानिक जीव’ म्हणजे कुठला? आमच्या मते हे काम गोव्यात व्हावं. 1966 साली स्थापन झालेली, दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या पाण्याचा अभ्यास करते आहे. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारीच्या मुखाशी पाण्याचा खारेपणा एकदम उतरतो. जुलैत पकडलेलं पिल्लू आणि जानेवारीतलं पिल्लू एकाच मडला वेगवेगळं उत्तर देऊ शकतं. मग पासाचा शिक्का कोणत्या महिन्याच्या सुंगटावर मारायचा, हे मड बनवणाऱ्यांनी आणि समुद्राच्या अभ्यासकांनी एका टेबलावर बसून ठरवायला हवं.