चालीसकट जपलेलं कीर्तन

शालोम मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बेने इस्राएल कीर्तन आणि मराठी कीर्तनपरंपरा’. त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक नाव नीट घेतलं पाहिजे, कारण ते घ्यायचं बरेचदा राहून जातं: आपले कीर्तनकार बेन्जामिन शिमशोन अष्टमकर. समोर आपल्या समाजाची मंडळी बरीच दिसताहेत, त्यांना आडनाव सांगताच गाव कळतं. रोह्याशेजारच्या अष्टमीचे ते अष्टमकर, किहीमचे किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर. इतरांसाठी एवढंच सांगते की आम्ही बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू, घरात मराठी बोलतो आणि एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने मलिदा करतो. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं. आज मागच्या टेबलावर ठेवलाय. तो खाल्ल्याशिवाय कुणी निघायचं नाही. (हशा)

तर १८८० साली मुंबईत आपल्या लोकांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं आणि अष्टमकर कीर्तनाला उभे राहिले. कथा तनाखमधल्या, म्हणजे ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथातल्या, पदं मराठी, आणि रचना साकी, दिंडी, ओवीत, म्हणजे मराठी माणसाच्या कानाला बसलेल्या चालींत. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगमंचावर आले. त्यातही साक्या आणि दिंड्या आहेत. हा योगायोग मला फार आवडतो. एकाच भाषेच्या गळ्यातून एकाच वर्षी शकुंतलाही गायली गेली आणि आपले पूर्वजही.

आता आमच्या घराची गोष्ट. माझे पणजोबा रेल्वेत कारकून. अष्टमकरांच्या पदांवर त्यांचा इतका जीव, की त्यांनी ती हिशेबाच्या लांबट वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. पहिल्या पानावर स्वतःचं नाव नाही, अष्टमकरांचं आहे. अक्षर मोडी वळणाचं, टाक दाबून लिहिलेलं. काही पानांवर शाई पलीकडे उतरलीय. प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून पुढे त्या चालीच्या एखाद्या जुन्या पदाचे पहिले दोन-तीन शब्द. बस्स, तेवढंच. ज्याला ते जुनं पद ठाऊक असेल त्याला सगळं उमगणार, ज्याला नसेल त्याच्यापुढे नुसते शब्द उरणार. आमच्याकडे शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, पेटीला हात लावायचा नाही, म्हणून शनिवारी आकाशात तारे दिसू लागले की पणजोबा गायला बसत. पुढे आजी बसायची, समोर आम्ही पोरं. झांज कुणी वाजवायची यावरून भांडणं व्हायची.

इस्राएलला जायची लाट आली तेव्हा माझी आत्या लोदला गेली. वहीवरून घरात रडारड. शेवटी आजोबांनी वहीची शिवण उसवली. अर्धी पानं आत्याच्या ट्रंकेत गेली, अर्धी ठाण्यात राहिली. दोघांनी एकमेकांच्या पानांची नक्कल करून घेतली. पदं त्यामुळे दोन्हीकडे पूर्ण झाली. पुढे पुष्कळ वर्षांनी आत्या आली आणि आम्ही सगळे जुनं एक पद म्हणायला बसलो. पहिल्याच ओळीला दोन सूर निघाले. मधल्या काळात आम्ही इकडे ते पद एका सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर म्हणायला लागलो होतो, कुणाला आठवतही नव्हतं कधीपासून. आत्या मात्र साकी जशीच्या तशी गात होती. भारत सोडून गेलेल्या बाईने चाल राखली होती! आजीने आम्हा सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाली, “तिचं म्हणणं ऐका.” ते रात्रभर चाललं.

हे मी लांबवतेय हे मला दिसतंय. पण पुढचं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची माणसं घरी येऊन आत्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून घेऊन गेली. चहा झाला, वही झाली, पहिलं पान त्यांना उघडून दाखवलं. नंतर त्यांच्या यादीत आम्ही काय वाचलं? ‘लोकगीत. कवी अज्ञात. चाल पारंपरिक.’ वहीत नाव लिहिलेलं असताना! पत्रं लिहिली, उत्तर आलं की नोंदीचा साचा ठरलेला आहे. आत्या वारली तेव्हाही ती नोंद तशीच होती. याचा मला आजही राग येतो. ज्या माणसाने समाजासाठी पदं रचली, ती उभं राहून गायली, त्याला ‘अज्ञात’ कोण ठरवणार?

संयोजकांची चिठ्ठी आलीय, त्यामुळे कबूल केलेला विषय आता भरभर मांडते.

लोक म्हणतात, ज्यूंनी हिंदूंचं कीर्तन उसनं घेतलं. मला हे पटत नाही. कीर्तन ही मराठीत गोष्ट सांगायची रीत आहे. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींनीही ती वापरली. सिनेगॉगमधल्या हिब्रू प्रार्थनांचं वळण आपल्याला पुष्कळसं कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी दिलं. कीर्तन मात्र आपल्या माणसांनी आपल्या भाषेत घडवलं. हिब्रू फार थोड्यांना कळायची, त्या काळात अब्राहम आणि एलियाहू घराघरात पोचले ते या पदांमधून आणि मराठी पुस्तकांमधून. पुण्यात १८७४ साली पेसाहची हग्गादा, म्हणजे त्या सणाच्या रात्री घरी वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली, तीही याच प्रयत्नातली. मराठी कीर्तनाच्या इतिहासात अष्टमकरांना एक प्रकरण मिळायला हवं.

दुसरा मुद्दा बायकांचा. पुढे हे कीर्तन टिकलं ते बायकांच्या वह्यांमध्ये आणि त्यांच्या मंडळांत, इथेही आणि इस्राएलमध्येही. इतिहास मात्र उभं राहून गाणाऱ्या पुरुषाचा लिहिला गेला, पदं राखणाऱ्या आजीचा नाही. दोन्ही लिहिले पाहिजेत.

तिसरा मुद्दा कामाचा. तुमच्या घरी अशी वही असेल तर तिची नुसती छायाचित्रं काढून थांबू नका. ती गाणारं कुणी हयात असेल तर त्यांना आजच्या आज फोन करा, ‘चाल’ या शब्दापुढे काय लिहिलंय ते वाचून दाखवा आणि ते म्हणतील ते ध्वनिमुद्रित करा. कवीचं नाव, गाणाऱ्याचं नाव, चाल कुणाकडून शिकली त्याचं नाव, ही तिन्ही आवाजातच बोलून घ्या, म्हणजे कुठल्या साच्यात ती गळणार नाहीत. आमच्या वहीचे दोन्ही भाग आज मी आणलेत. पेटी आहे, तबलजी बसलेत. ज्यांना जुनी साकी येते त्यांनी पुढे या, मलिदा त्यानंतर.