सॉन्गॉ, थुफ्यो आणि शिक्का

नमस्कार. आज एकाच शब्दावर बोलायचं आहे. 'निवडणूक' याला कोरियन भाषेत काय म्हणतात? शब्दकोश एका ओळीत उत्तर देतो: सॉन्गॉ. तो पाठ व्हायला अर्धा मिनिट पुरतं आणि पुढच्याच वाक्यात आपण अडखळतो. मराठीत निवडणूक लागते, होते, पार पडते. माणूस तिला उभा राहतो, ती लढवतो, आणि तिच्यात पडतो किंवा निवडून येतो. ही क्रियापदं आपल्याला कुणी शिकवली नाहीत. घरात, कट्ट्यावर, एसटीत ऐकत आलो. कोरियन शिकणाऱ्याला ते ऐकणं मिळालेलं नसतं, म्हणून त्याला नाम येतं आणि क्रियापद येत नाही. माझ्या मते नामापेक्षा त्याची क्रियापदंच आधी शिकायला हवीत. आजचं सगळं बोलणं त्यासाठीच.

पण आधी उच्चार. रोमन लिपीतलं स्पेलिंग बघून आपली मुलं 'सेओनगेओ' म्हणतात. तसा उच्चार कुणाला कळणार नाही. यातला स्वर आपल्या 'अ' आणि 'ऑ' यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. 'ऑ' म्हणायला तोंड उघडा, पण ओठांचा चंबू करू नका. दोन्ही अक्षरांत तोच स्वर आहे. दुसरी अडचण खास आपली आहे. मराठीत 'रंग', 'अंग' म्हणताना अनुस्वार आपोआप कंठात जातो. कोरियन प्रमाण उच्चारात इथे तसं होत नाही. 'सॉन्' म्हणताना जीभ दातांमागे टेकली पाहिजे, मग 'गॉ'. 'सॉङ्गॉ' असं घाईत म्हणणारे कोरियन लोकही भेटतील, पण तो प्रमाण उच्चार नव्हे.

स्वर सांभाळायचं आणखी एक कारण आहे. शेवटच्या 'ऑ'चा 'ओ' झाला की शब्दच बदलतो. 'सॉन्गो' म्हणजे न्यायालयाने निकाल जाहीर करणं. एरवी हे दोन शब्द वेगवेगळ्या पानांवर असतात, पण 2025 च्या वसंतात ते एकाच बातमीत येत होते. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष युन सॉक-यॉल यांनी लष्करी कायदा जाहीर केला. काही तासांतच संसदेने तो मागे घ्यायला लावला आणि 14 डिसेंबरला त्यांच्यावरचा महाभियोग मंजूर केला. 4 एप्रिल 2025 ला घटनात्मक न्यायालयाने आठही न्यायमूर्तींच्या एकमताने त्यांना पदावरून दूर केलं. हा झाला सॉन्गो. पद रिकामं झालं की 60 दिवसांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. ती बरोबर साठाव्या दिवशी, 3 जूनला झाली आणि ली जे-म्यॉङ निवडून आले. ती सॉन्गॉ. एका स्वराच्या फरकाने आधी न्यायालय बोललं आणि मग लोक बोलले. तेव्हापासून हा फरक समजावताना मी दुसरं उदाहरण देत नाही.

आता वाक्यरचना, आणि इथे मराठी माणसाला खरंच सोपं आहे. कोरियन भाषेतही क्रियापद शेवटी येतं आणि विभक्ती नामाला मागून चिकटते. आपण निवडणुकी'ला' उभे राहतो आणि निवडणुकी'त' जिंकतो. कोरियन माणूस 'सॉन्गॉ-ए' जातो आणि 'सॉन्गॉ-एसॉ' जिंकतो. 'ए' म्हणजे आपला 'ला', 'एसॉ' म्हणजे आपला 'त'. जिंकणं म्हणजे इगिदा आणि हरणं म्हणजे जिदा. सॉन्गॉएसॉ इगिदा, सॉन्गॉएसॉ जिदा. जपानी किंवा कोरियन शिकताना मराठी मनाला एक घरपण लाभतं, ते हेच.

मात्र उभं राहणं तिथे नाही. तिथे उमेदवार बाहेर पडतो. तो स्वतःबद्दल बोलत असेल तर 'नागादा', म्हणजे बाहेर जाणं. मतदार त्याच्याबद्दल बोलत असेल तर बहुधा 'नाओदा', म्हणजे बाहेर येणं. बोलणारा कुठे उभा आहे, त्यावर क्रियापद ठरतं. 'या खेपेला कोण आलंय रिंगणात?' असं आपण विचारतो, त्यातला 'आलंय' हाच. वर्तमानपत्रात याच अर्थी 'छुल्मा' असा चिनी मुळाचा शब्द येतो. त्याचा अक्षरार्थ घोडा बाहेर काढणं. आज छुल्मा म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे घोडा उभा राहत नाही, पण घोडामैदान जवळ आलं म्हणणाऱ्या आपल्या भाषेला ही कल्पना परकी वाटू नये.

उमेदवाराला 'हुबो' म्हणतात. आपला 'उमेदवार' फारसीतून आलाय, उमेद बाळगणारा तो उमेदवार. हुबो म्हणजे जागा भरण्यासाठी थांबलेला. म्हणूनच खेळातल्या राखीव खेळाडूलाही हुबो म्हणतात.

आणि निवडणूक 'होणं', 'घेणं'? त्यासाठी माझं सगळ्यात आवडतं क्रियापद आहे, छिरुदा. किंमत चुकती करायची तर छिरुदा. परीक्षा द्यायची, लग्नसमारंभ उरकायचा, कुणाचे अंत्यसंस्कार करायचे, तिथेही छिरुदा. जे अंगावर घेऊन शेवटास न्यावं लागतं, ते सगळं या क्रियापदात बसतं. आपलं 'पार पाडणं' त्याच्या अगदी जवळचं आहे. 'सॉन्गॉरुल छिरुदा', निवडणूक पार पाडणं. नुसतं 'सॉन्गॉहादा' म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण ते पुस्तकी वाटतं.

आतापर्यंतचा 'सॉन्गॉ' हा सरकारी कागदावरचा, बातमीतला, फलकावरचा शब्द. चिनी मुळाची दोन अक्षरं: पहिल्याचा अर्थ निवडणं, दुसऱ्याचा वर उचलणं. घरात जेवताना माणसं हा शब्द वापरतात, पण क्रिया सांगायची झाली की अस्सल कोरियन क्रियापदाकडे वळतात. त्यातलं एक म्हणजे 'प्पोप्ता'. मुळा उपटणं, तण उपटणं, पांढरा केस ओढून काढणं, दात काढणं, यंत्रातून कॉफी काढणं, हे सगळं प्पोप्ता. आणि राष्ट्राध्यक्ष निवडणंही प्पोप्ता: 'देथोंगन्यॉंगुल प्पोप्ता'. शाळेत वर्गाचा प्रमुख मुलांच्या मतांनी ठरतो, त्याला 'बानजांग सॉन्गॉ' म्हणतात. कोरियन मूल सॉन्गॉ हा शब्द बहुधा पहिल्यांदा तिथेच ऐकतं, आणि 'बानजांगुल प्पोप्ता' असं म्हणतं.

आपलं 'निवडणं' असंच स्वयंपाकघरातलं आहे. तांदूळ निवडतात, मेथीची जुडी निवडतात, आणि त्याच क्रियापदापासून निवडणूक झाली. दोन्ही भाषांनी राज्यकारभाराचा शब्द हाताच्या कामातून घेतला. फरक इतकाच की आपण खडा बाजूला काढत काढत चांगलं ठेवतो आणि ते हवं ते मुळासकट ओढून वर काढतात. या दोन हालचाली मनात आणल्या की प्पोप्ता विसरला जात नाही.

मतदानाला 'थुफ्यो' म्हणतात. दोन्ही व्यंजनांत श्वास भरपूर सोडा, थ आणि फ. 'फ्यो' म्हणजे चिठ्ठी, तिकीट. रेल्वेचं तिकीट 'गिछाफ्यो'. 'थु' म्हणजे टाकणं. आपल्याकडे मताचं दान होतं, तिथे चिठ्ठी टाकली जाते. तुमच्यातल्या कोरियन गाण्यांच्या चाहत्यांना हा शब्द आधीच ठाऊक असेल, कारण आवडत्या गटाला मत देतात तेही थुफ्योच. मोबाइलवरच्या गटात 'शनिवारी भेटायचं की रविवारी' असा कौल घेतात, तोही थुफ्यो. संविधानातल्या बदलावर सार्वमत घेतलं तर 'गुङ्मिन थुफ्यो'. यांपैकी एकालाही सॉन्गॉ म्हणता येणार नाही. सॉन्गॉमध्ये माणूस निवडला जातो, थुफ्योमध्ये मत टाकलं जातं. 'मी मत द्यायला चाललोय' हे सांगताना आपले विद्यार्थी 'सॉन्गॉला चाललोय' म्हणतात, ती चूक इथून होते. म्हणायचं असतं 'थुफ्योहारॉ गायो'.

आता दुसरं घरगुती क्रियापद, 'च्चिक्ता'. शिक्का मारणं. कोरियात आजही कागदी मतपत्रिका आहे आणि तिच्यावर शिक्काच मारतात. म्हणून अमक्याला मत दिलं हे सांगताना कोरियन माणूस त्याला 'शिक्का मारला' असंच म्हणतो. 'नुगु च्चिगॉस्सॉ?' म्हणजे 'कुणाला मारलास?' हे जिवलग मित्राला विचारायचं. वडीलधाऱ्या माणसाला विचारायचंच असेल तर आदरार्थी रूपात इतकंच, 'थुफ्यो हास्यॉस्सॉयो?' मतदान केलंत का? कुणाला केलंत, हे विचारू नये.

तुमच्यापैकी चाळिशीपुढच्यांना आठवत असेल: 'ताई, माई, अक्का, विचार करा पक्का, अमक्यावर मारा शिक्का'. आपल्याकडे यंत्रं आली, शिक्का गेला आणि घोषणेला 'बटण दाबा' जोडावं लागलं. यमक तेव्हाच गेलं. कोरियन भाषेत तो शिक्का अजून जिवंत आहे, मतदान केंद्रातही आणि तोंडातही.

या शिक्क्याचीही एक गोष्ट आहे. सुरुवातीच्या निवडणुकांत ठरलेलं साधन नव्हतं. बांबूची नळी, बंदुकीच्या गोळीचं रिकामं नळकांडं, जे गोल उमटेल ते शाईत बुडवून वापरलं जाई. गोल ठसा सगळीकडून सारखा. मतपत्रिकेची घडी घातली की ओली शाई समोरच्या उमेदवाराच्या चौकटीत उमटायची आणि मत कुणाचं, हा वाद व्हायचा. म्हणून 1994 पासून गोलाच्या आत एक चिन्ह आहे: एक उभी रेघ आणि तिला उजवीकडे फुटलेला छोटा फाटा. घडी पडून उमटलेल्या ठशात तो फाटा डावीकडे दिसतो, म्हणजे खरा ठसा कोणता ते लगेच कळतं.

पहिली निवडणूक 10 मे 1948 ला झाली, फक्त दक्षिणेत. अक्षर न वाचता येणारे मतदार पुष्कळ होते, म्हणून उमेदवारांच्या नावांपुढे उभ्या काठ्या छापल्या: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. आपण 1951-52 ला बैलजोडी आणि झोपडी यांसारखी चित्रं छापली, त्यांनी काठ्या मोजायला सांगितलं. या निवडणुकीवर देखरेखीसाठी संयुक्त राष्ट्रांनी जो आयोग नेमला, तो जानेवारी 1948 मध्ये सोलला पोचला तेव्हा त्याचे अध्यक्ष आपले मुत्सद्दी के. पी. एस. मेनन होते. त्या काठ्या पुढे आकडे झाल्या. आजही उमेदवाराला क्रमांक असतो, 'गिहो इल्बॉन' म्हणजे क्रमांक एक. प्रचारात बोटांनी आकडे दाखवतात, त्यामुळे निवडणुकीच्या हंगामात प्रसिद्ध कलाकार फोटोत दोन बोटंही जपून वर करतात. या हंगामाचा शब्दही गोड आहे, 'सॉन्गॉछॉल'. पावसाच्या दिवसांना जो 'छॉल' लावतात, तोच.

पण सॉन्गॉ हा शब्द तिथल्या वयस्क माणसाच्या तोंडून ऐकाल तर त्याच्या मागे बहुतेक दुसरा एक शब्द असतो. 'बुजॉंग सॉन्गॉ', खोटी निवडणूक. 15 मार्च 1960 ला राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांची निवडणूक झाली. मतपेट्या आधीच भरल्या होत्या, मतदारांना टोळ्या करून एकमेकांसमोर मत द्यायला लावलं. त्याच दिवशी मासान या बंदराच्या शहरात लोक रस्त्यावर आले. किम जू-यॉल हा विद्यार्थी बेपत्ता झाला. 11 एप्रिलला बंदरात त्याचा देह सापडला, डोळ्यात अश्रुधुराचं नळकांडं रुतलेलं. 19 एप्रिलला सोल पेटलं आणि 26 एप्रिलला राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी पद सोडलं.

आणखी एक शब्द त्याहून कडवट आहे: 'छेयुक्क्वान सॉन्गॉ', व्यायामशाळेतली निवडणूक. 1972 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी राष्ट्राध्यक्षाची थेट निवड बंद केली. सोलमधल्या जांगछुंगच्या व्यायामशाळेत प्रतिनिधी जमले. 2,359 प्रतिनिधी, पार्क यांना 2,357 मतं आणि दोन बाद. विरोधात एकही नाही. तिथे चिठ्ठी होती, सगळं छिरुदा झालं होतं. फक्त प्पोप्ता झालं नव्हतं.

म्हणून 1987 च्या जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्या तोंडी नुसता 'सॉन्गॉ' नव्हता, 'जिकसॉन्जे' होता. 'जिक' म्हणजे थेट, 'सॉन' तोच आपला निवडणारा सॉन. थेट निवडीची पद्धत. 29 जूनला सत्ताधाऱ्यांनी ती मान्य केली आणि 16 डिसेंबरला, 1971 नंतर पहिल्यांदा, लोकांनी स्वतः राष्ट्राध्यक्षाला शिक्का मारला. 89.2 टक्के मतदान झालं.

हा 'सॉन' हाती आला की बातम्यांतले अर्धे शब्द उलगडतात. लांब नावाचं एक अक्षर घ्यायचं आणि सॉन लावायचा. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक 'देसॉन', संसदेची 'छोंगसॉन'. निवडून येणं 'दांगसॉन', पडणं 'नाकसॉन', पक्षांतर्गत लढत 'ग्यॉंगसॉन'. पहिल्यांदा निवडून आलेला खासदार 'छोसॉन', दुसऱ्यांदा आलेला 'जेसॉन'. स्थानिक निवडणुकीला मात्र अजून पूर्ण नावानेच जास्त ओळखतात, 'जिबांग सॉन्गॉ'.

आता सगळ्यांनी मिळून एक वाक्य म्हणू या. आपण बोटाची शाई दाखवून फोटो काढतो. तिथे मत देऊन झालं की तरुण मुलं तोच शिक्का हाताच्या पाठीवर उमटवतात आणि फोटो काढतात. आणि फोटो काढण्यालाही कोरियन भाषेत च्चिक्ताच म्हणतात. जीभ टाळूवर घट्ट दाबा, श्वास बाहेर सोडू नका, आणि म्हणा: 'सोन्‌त्तुंगे दोजांग च्चिक्को, साजिन च्चिगॉस्सॉयो.' हातावर शिक्का मारला आणि फोटो काढला. पुन्हा एकदा, मागच्या रांगेतूनही ऐकू येऊ द्या.