डान्सच्या मॅडमची एम.ए.

नमस्कार श्रोतेहो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये ज्या 'डान्सच्या मॅडम' आहेत, जे 'डान्सचे सर' आहेत, त्यांच्याशी आज मला बोलायचं आहे. बाकीच्यांनीही ऐकायला हरकत नाही, कारण तुमच्या मुलांचं गॅदरिंग यांच्याच जिवावर उभं राहतं. जूनपासून दिवाळीपर्यंत यांची कुणाला आठवण नसते. सुट्टी संपली, की मुख्याध्यापकांचं बोलावणं येतं. गाण्यांची यादी हातात पडते. गाणी मोबाइलवर, सराव पटांगणात, ड्रेस भाड्याने, आणि मानधन 'बघू, पुढच्या महिन्यात'.

या माणसांनी नोकरी न सोडता पुढचं, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का, हा आजचा विषय. गावात असा विचार नुसता बोलून दाखवला, तरी ओट्यावरून प्रश्न येतो, "मॅडम, आते आनखी कशाले शिकतस?" प्रश्न चेष्टेचा असला तरी वाईट नाही. कशाला शिकायचं, याचं उत्तर आधी आपल्याला सापडायला हवं. पगारवाढीची खात्री नसते, पद मंजूर नसतं. त्यामुळे ते उत्तर दुसरीकडे शोधावं लागतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. ज्याला रंगमंचावरचा नर्तक व्हायचं आहे, त्याने सगळं सोडून गुरूकडे जाऊन राहावं. पण ज्याला शाळेत नाच शिकवायचा आहे, त्याच्यासाठी नोकरी करत करत घेतलेलं शिक्षणच जास्त उपयोगी. असं शिक्षण नाइलाजाने स्वीकारायचं, असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही, कारण या विषयाची प्रयोगशाळा म्हणजे तुमचा सोमवारचा पाचवी 'ब'चा तास. वर्ग सोडून शिकायला गेलात तर प्रयोग करणार कुठे?

आपल्याकडचे बहुतेक नृत्यशिक्षक अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देऊन आलेले असतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, मग विशारद, आणि फारच चिकाटी असेल तर अलंकार. कथक किंवा भरतनाट्यम. फार मोलाची शिडी आहे ती. आठ-दहा वर्षं पाय झिजवल्याशिवाय विशारद हाती येत नाही. पण ही शिडी नर्तक घडवते. शाळेत तुमच्यासमोर पन्नास मुलं असतात, त्यातल्या अठ्ठेचाळीस जणांना नर्तक व्हायचंच नसतं. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं रांग लावण्यात जातात. खाली शहाबादी फरशी किंवा सिमेंट. त्यावर कोवळ्या गुडघ्यांकडून तत्कार, म्हणजे कथकमधलं पाय आपटून ठेका धरणं, किती करून घ्यायचा? आठवीत गेल्यावर मुली मागच्या रांगेत का सरकतात? मुलगे 'हे बायकी आहे' म्हणून भिंतीला टेकून उभे राहतात, त्यांचं काय करायचं? ज्याला ऐकू येत नाही त्या मुलाला ठेका कसा पोहोचवायचा? विशारदच्या तयारीत हे प्रश्न तुमच्यासमोर आलेच नव्हते. शाळेत ते रोज येतात.

इथे एका परदेशी बाईंची गोष्ट सांगण्याजोगी आहे. मार्गारेट एच'डाउब्लर. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात त्या शारीरिक शिक्षण शिकवत. बास्केटबॉल हा त्यांचा आवडीचा खेळ, आणि मूळ अभ्यास जीवशास्त्राचा. १९१६ साली त्या पुढच्या शिक्षणासाठी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात गेल्या. तिथे असताना विद्यार्थिनींना शिकवता येईल असा नाच शोधून आणा, असं विस्कॉन्सिनच्या विभागप्रमुख बाईंनी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी बरंच पाहिलं, फारसं काही पटलं नाही. परत येऊन १९१७ च्या उन्हाळी वर्गात त्यांनी मुलींना चक्क जमिनीवर आडवं केलं. शरीराचा भार नाही, आरसा नाही, आता कोणता सांधा कसा हलतो ते स्वतःच बघा, म्हणाल्या. वर्गात हाडांचा सांगाडा टांगलेला असे. त्यातून १९२६ मध्ये तिथे नृत्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. अमेरिकेतला तो पहिला. नर्तकी नसलेल्या एका शिक्षिकेने तो उभा केला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नाच कसा करतात याच्याइतकाच, तो अंगात कसा उतरतो हा अभ्यासाचा विषय आहे, असं त्या धरून चालल्या.

आपल्या मातीतलं उदाहरण घेऊ. तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. पाचवीच्या वर्गाला सांगा, पाच टाळ्या वाजवा, एक मात्रा थांबा. पुन्हा पाच, पुन्हा एक मात्रा थांबा. आणि शेवटच्या पाच. बेरीज करा. सतरा झाली. तीनतालाच्या मात्रा सोळा, म्हणजे सतरावी टाळी नेमकी पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडते. वर्ग खूश होतो. आता झपताल द्या, मात्रा दहा, आणि म्हणा, याची तिहाई तुम्हीच काढा. कुणीतरी पोरगं बोटं मोजत मोजत 'तीन-एक-तीन-एक-तीन, अकरा!' असं ओरडतं. इथपर्यंत तुमच्यापैकी अनेक जण आत्ताही करतात. पण त्या पोराला ते गणितामुळे सुचलं की पायांमुळे? 'अ' तुकडीला आधी फळ्यावर बेरीज दिली आणि 'ब' तुकडीला आधी नुसतं नाचायला लावलं, तर फरक पडतो का? महिनाभराने कुणाच्या लक्षात राहतं? नोंद कशी ठेवायची, मूल्यमापन कशाचं करायचं? बी.एड. झालेल्यांना 'कृतिसंशोधन' हा शब्द माहीत असतो. फायलीत घालण्यापुरता. पदव्युत्तर अभ्यासात तोच शब्द नीट कामाला लागतो, आणि त्यासाठी समोर वर्ग असावा लागतो.

आता सातपुड्याकडे वळते, कारण खान्देशातल्या शिक्षकाजवळ जे आहे ते पुण्या-मुंबईच्या शिक्षकाजवळ नाही.

अक्कलकुवा, धडगाव, मोलगी भागातल्या आश्रमशाळेत नाच शिकवायला गेलेल्या शिक्षकाची पहिल्याच आठवड्यात पंचाईत होते. मुलांना त्याच्यापेक्षा जास्त नाचता येत असतं. ढोल वाजला की पावलं आपोआप पडतात. पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर लांबून ऐकला तरी कुणाची पावरी आहे ते मुलं ओळखतात. काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर नाचून, पहाटे होळी पेटलेली बघून आलेली ही मुलं. त्यांना आपण स्पीकरवर सिनेमातलं 'आदिवासी' गाणं लावून, कमरेला क्रेपचा पाला बांधून नाचवायचं? दर वर्षी कुठे ना कुठे हे होतं. तिथे टाळ्याही पडतात, आणि ते बघताना मला लाज वाटते.

पण त्याच्या उलट जाऊन खरा नाच तसाच उचलून गॅदरिंगच्या स्टेजवर ठेवला, तर तेही सरळ नाही. होळीतला नाच गोलात असतो. सगळे नाचतात, बघणारा वेगळा नसतो. स्टेजवर गोल मोडून प्रेक्षकांकडे तोंड केलेली रांग होते आणि अर्धा नाच तिथेच संपतो. होळीतले बावा-बुध्या अंगावर राखेचे ठिपके काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालतात, कमरेला घुंगरं, भोपळे बांधतात. त्यामागे नवस असतो, पाळणूक असते. तो 'कॉस्च्युम' नव्हे. मग शाळेने काय घ्यावं, काय घेऊ नये? कुणाला विचारावं? पावरीवाल्या बाबाला वर्गात बोलावलं तर त्याला शाल-नारळ द्यायचा की तासाचं मानधन? माझ्या मते मानधन, आणि तेही डान्सच्या सरांना मिळतं त्यापेक्षा कमी नको. हे प्रश्न एम.ए.च्या प्रबंधाचे आहेत. पुण्यातल्या विद्यार्थ्याला ते पुस्तकातून शोधावे लागतील, तुमच्या दारात ते दर होळीला येतात.

सपाटीवरही कमी नाही. श्रावणात कानबाई देवीची मिरवणूक निघते तेव्हा साठीच्या बाया ज्या पद्धतीने नाचतात, ते कुणी कधी लिहून ठेवलं आहे? भुलाबाईची गाणी, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी अजून म्हणणाऱ्या आज्या आहेत. लग्नातल्या बँडपुढे पोरं जी पावलं टाकतात, त्यांचाही अभ्यास व्हायला पाहिजे. मी हे गंभीरपणे सांगते आहे, हसू नका. हालचालीचं वर्णन करायला भाषा लागते. रुडॉल्फ लाबान यांनी गेल्या शतकात तशी एक भाषा तयार केली. हालचालीत जोर किती, वेग किती, ती जागा कशी घेते, मोकळी वाहते की आवरलेली असते, हे बघायला त्यांनी शिकवलं. हात-पाय-मानेच्या भेदांची भाषा आपल्याकडे नाट्यशास्त्रापासून आहेच. दोन्ही शिकून घ्या आणि मग कानबाईपुढे नाचणाऱ्या मावशीकडे बघा. काय काय दिसायला लागतं ते बघाच.

बरं, शिकायचं कुठे? इथे मात्र जमिनीवर यावं लागतं.

नृत्यातली पदव्युत्तर पदवी देणाऱ्या संस्था आहेत. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबईला कनक रेळे यांनी उभं केलेलं नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे. नंदुरबार-शहाद्याच्या लोकांना तर पुण्यापेक्षा बडोदा जवळ, सुरतेवरून रेल्वे आहे. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं. तिथली नृत्याची परंपरा त्याहून जुनी. १८८० मध्ये तंजावरची राजकन्या सयाजीरावांशी लग्न होऊन आली, तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि त्यांचे साथीदार बडोद्यात आले. आणि हे सयाजीराव मूळचे कवळाण्याचे, मालेगाव तालुक्यातले, म्हणजे आपले शेजारीच. पण अशा ठिकाणचे वर्ग मुळात रोज हजर राहणाऱ्यांसाठी आखलेले असतात. जळगावहून रात्रीच्या गाडीने पुणे गाठता येतं, पण रोज नाही. शनिवार-रविवारची किंवा सुट्टीतली काही सोय त्या वर्षी आहे का, हे त्या त्या विभागाला फोन करूनच विचारावं.

दुसरा रस्ता मला जास्त व्यवहार्य वाटतो. शिक्षणशास्त्रातली एम.ए. मुक्त विद्यापीठातून करायची आणि आपला सगळा लिहिण्याचा भाग शाळेतल्या नृत्यावर ठेवायचा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची अशी एम.ए. आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांसाठीच चालतं. ज्यांच्याकडे विशारद आहे पण साधी पदवी नाही, त्यांनी आधी तिथून बी.ए. पूर्ण करावी. विशारद ही विद्यापीठाची पदवी नव्हे. कुठे ती चालते, कुठे नाही. तोंडी आश्वासनावर जाऊ नका, पात्रता लेखी विचारा. २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी आहे. परवानगी आहे म्हणून दोन्हीकडे नाव घालू नका, घरी स्वयंपाकही असतो. आणि 'सहा महिन्यांत एम.ए.' अशी पत्रकं वाटणाऱ्यांपासून सांभाळा. दूरशिक्षणाचे मान्य अभ्यासक्रम आयोगाच्या यादीत असतात. त्यात नाव नसेल, तर एक रुपया भरू नका.

अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर प्रवेश घेण्याआधी ना हरकत घ्या. नंतर घेतली तर सेवापुस्तकात नोंद करताना कारकून ज्या नजरेने बघतो, ती नजर टाळलेली बरी. जे मानधनावर आहेत त्यांना कुणी अडवत नाही, कारण कुणी विचारतच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं आहे. कायद्याला अंशकालीन शिक्षक चालतो, मग त्या शिक्षकासाठी अंशकालीन एम.ए. जळगावला, आपल्या विद्यापीठात का नसावी? १९९० साली खान्देशाचं स्वतंत्र विद्यापीठ झालं, त्याला आता बहिणाबाईंचं नाव आहे. मे महिन्यात वर्ग, दिवाळीत वर्ग, मधल्या काळात आपापल्या शाळेत प्रयोग, असा आराखडा अवघड नाही. मे महिन्यात जळगावात नाचायचं म्हणजे सकाळी सहा ते नऊ, हे मात्र वेळापत्रक करणाऱ्याने लक्षात ठेवावं.

राहिली परीक्षा. हिवाळी सत्राच्या परीक्षा आणि गॅदरिंग हमखास एकाच वेळी येतात, आणि मुख्याध्यापक गॅदरिंग पुढे ढकलत नाहीत. म्हणून जूनमध्येच त्यांना सांगून टाका, की यंदा निम्मी नृत्यं नववीची मुलं स्वतः बसवतील, मी फक्त बघेन आणि नोंदी ठेवेन. ते कुरकुर करतील. मुलंही पहिले चार दिवस भांडतील, गाण्यावरून तर नक्कीच. भांडू द्या. कोण पुढे उभं राहणार हे मुलं कशी ठरवतात, हालचाल एकमेकांना कशी शिकवतात, हे त्या चार दिवसांत जितकं दिसतं तितकं एरवी दिसत नाही. तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण त्यातच आहे.

नमस्कार.