साबण बाजूला ठेवा, लंगोट मोजा

नमस्कार. नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू आहे, कूलरची घरघर जरा कमी करा आणि रेडिओ जवळ ओढा. आज बोलायचंय घरातल्या बाळंतिणीशी, आणि तिच्या उशाशी बसलेल्या आजीशीही. पहिलटकरीण आहे, बाळ तीन दिवसांचं आहे आणि घरात एकच वाक्य फिरतंय: "हिला दूधच उतरलं नाही."

त्या वाक्याकडे येऊच. आधी एक गोष्ट ऐका.

साल १९८७, स्टॉकहोमची कॅरोलिन्स्का संस्था. तिथल्या डॉक्टरांनी नवं काय केलं? काही बाळांच्या बाबतीत खरं तर काहीच केलं नाही. बाळ जन्मलं की आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं आणि घड्याळ लावून नुसतं बघत राहिले. पहिली १५ मिनिटं बाळ निवांत पडलेलं. मग ओठ हलू लागले, जीभ बाहेर येऊ लागली. साधारण ३४व्या मिनिटाला हात तोंडाशी गेला. ४५व्या मिनिटाला धडपड सगळ्यात जोरात. आणि ५५व्या मिनिटाच्या सुमारास लेकराने बोंडी आपली आपण शोधली नि प्यायला लागलं! कोणी मान दाबली नाही, कोणी तोंडात कोंबलं नाही.

५५ मिनिटं. आपल्याकडे तेवढ्या वेळात बाळ पुसून, पावडर थापून, टोपडं घालून, चार मावश्यांच्या मांडीवरून फिरून मोबाइलवर पुण्याच्या आत्यापर्यंत पोचलेलं असतं. पहिल्याच दिवशी बाळंतिणीच्या खोलीत एवढी गर्दी कशाला, हे काही कळत नाही. जायचंच तर डबा न्या, दारात द्या आणि घरी या.

असो. प्रश्न असा, की बाळाला वाट कळली कशी? नजर वीत-दीड वीत पोचते, तीही धूसर. तर १९९४ साली हेली वारेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. ३० बाळंतिणी घेतल्या. बाळंतपण झाल्या झाल्या प्रत्येकीचा एकच स्तन धुतला, दुसरा तसाच ठेवला. मग बाळाला दोन्हींच्या मधोमध पालथं ठेवलं. इकडे धुतलेला, तिकडे न धुतलेला. काय झालं असेल? ३० पैकी २२ बाळं न धुतलेल्या बाजूला वळली. २२! नाकाने वाट काढली पोरांनी.

बोंडीभोवतीच्या काळ्या भागावर बारीक पुटकुळ्या दिसतात ना, त्या पुटकुळ्या नाहीत, ग्रंथी आहेत. त्यांतून तेलकट ओलावा येतो. त्याने कातडी मऊ राहते आणि त्याचा वास बाळाला ओढतो. नऊ महिने ज्या पाण्यात बाळ होतं, त्या पाण्याचा वासही त्याच्या ओळखीचा, आणि तो त्याच्या हातांवर असतो. म्हणून पहिल्या तासात बाळाचे हात घासून पुसू नका.

आणि म्हणून, बाई, पाजायच्या आधी दर वेळी साबण नको. जंतुनाशक नको, वासाची पावडर नको, अत्तर तर नकोच. दिवसातून एकदा आंघोळीत साध्या पाण्याने धुतलं, पुरे. साबणाने ते तेल जातं, कातडी कोरडी पडते. पाजून झालं की दुधाचाच शेवटचा थेंब बोंडीवर लावून वाऱ्यावर सुकू द्या. बाहेर पारा ४५ला टेकलेला असताना खाटेखाली शेगडी ठेवणं तर निव्वळ हट्ट आहे, आणि वेखंडाच्या धुरीने बाळ खोकतं, वासाची ओळख बाजूलाच राहते.

आता चिरा. चिरा पडतात त्या बहुतेक वेळा तोंड नीट न लागल्यामुळे. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत. नाक बोंडीसमोर. वरच्या ओठाला बोंडी हलकेच लावा, जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबा, मग बाळाला स्तनाकडे आणा. स्तन बाळाकडे वाकवू नका, पाठ जाते. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, गाल फुगीर, आणि काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या ओठाच्या वर जास्त दिसायला हवा. गालाला खळी पडली किंवा चटचट आवाज आला, तर नुसती बोंडी तोंडात आहे. तेव्हा ओढून काढू नका, कोपऱ्यातून करंगळी घाला, पकड सुटते. परत लावा. पहिले काही क्षण झोंबेल, पण पूर्ण वेळ दुखत असेल तर पकड चुकली आहे. सिझेरियन असेल तर कुशीवर झोपून पाजा, टाक्यांवर भार येत नाही.

आता ते वाक्य. "दूध उतरलं नाही." पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, घट्ट, पिवळसर, थोडाच. पहिल्या दिवशी बाळाचं पोटही चमचाभर, एका वेळी ५ ते ७ मिलीचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरतं, सिझेरियननंतर कधी एखादा दिवस उशीर. मधल्या काळात घाबरून वरचं दूध दिलं की पोट भरतं, बाळ चोखत नाही, आणि चोखलं नाही तर दूध बनतच नाही. डॉक्टरांनी बाळाच्या रक्तातली साखर किंवा वजन बघून सांगितलं तर वरचं दूध जरूर द्या, पण वाटी-चमच्याने, बाटलीने नाही. १९९२च्या कायद्याने बाटलीची आणि डब्याच्या दुधाची जाहिरात उगाच बंद केलेली नाही.

पुरतंय की नाही, हे कसं कळणार? रडण्यावर जाऊ नका, लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त. शी काळी असते ती चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी व्हायला हवी. पुन्हा सांगते, लंगोट मोजा. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं होतं. संध्याकाळी दर अर्ध्या तासाने मागितलं तरी ते नेहमीचंच. वजन आधी थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं.

पाणी? नाही. नवतप्यातही नाही. दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं, लेकरू तहानलं तर जास्त वेळा पाजा. पाणी आईने प्यायचं, पाजायला बसताना तांब्या हाताशी. मधाचं बोट आणि गुटीही नको. आणि मृगाची संत्री आता संपली, तरी पुढच्या बाळंतिणीसाठी सांगून ठेवते: नागपुरात राहून तिला "थंड पडतात" म्हणून संत्रं न देणं हा अन्यायच आहे.

छाती दगडासारखी झाली तर पाजण्याआधी कोमट फडकं, मग काळ्या भागाच्या कडेला अंगठा आणि बोटं ठेवून आधी छातीकडे, मग आत दाबा, सोडा. बोटं घसरवू नका. थोडं दूध निघालं की तो भाग मऊ होतो, बाळाला पकड मिळते. पाजून झालं की गार फडकं. लाल चट्टा आणि ताप असेल तर डॉक्टरकडे जा, पाजणं मात्र थांबवू नका. बाळ पाजायला उठतच नसेल, सुस्त असेल, किंवा लंगोट कोरडे जात असतील, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई घरी येतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. त्या आल्या की नुसतं वजन करून जाऊ देऊ नका, एक पूर्ण पाजणं त्यांच्यासमोर करा आणि पकड बघायला सांगा. भर उन्हातून आलेल्या असतील, आधी कूलरसमोर बसवा, पाणी द्या.