विहिरीचं पाणी पावसात बघा

श्रोतेहो, नमस्कार. धंद्यासाठी जुना गाळा, शेड नाहीतर बंद पडलेली गिरण विकत घेताना आपण सातबारा काढतो, फेरफार बघतो, वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च करून घेतो. त्यातून जागा कोणाची होती ते कळतं. तिथे काय चालायचं, ते कळत नाही. पुन्हा सांगतो, जागा कोणाची होती ते कळतं. तिथे काय चालायचं, ते कळत नाही.

माझ्या मावसभावाला कोकमाचं आगळ काढायचा उद्योग टाकायचा होता. दापोली तालुक्यात एका बंदराजवळ 5 गुंठे जागा मिळत होती. वर पत्र्याची शेड, आवारात जांभ्यात खोदलेली विहीर. मे महिन्यात आम्ही बघायला गेलो. पाणी तळाला गेलेलं, पण नितळ. कागद चोख, भाव बरा. भाऊ इसार द्यायच्या बेतात होता.

मी शेडमध्ये फिरत होतो. खाली जांभ्याचे चिरे. कोपऱ्यातली केरसुणी घेऊन धूळ बाजूला केली, तर चिऱ्यांवर गंजाची गोल कडी उमटलेली. एकाला लागून एक, परातीएवढी. मोजली, 19 भरली. बॅरलच्या बुडांचे डाग होते ते. मधले चिरे काळेकुट्ट, बोट घासलं तर तेलकट.

शेजारच्या अंगणात एक आजी आमसुलं उलथत होत्या. म्हटलं, "आजी, इथे पूर्वी काय होतं हो?"

"डिझेलचं खोपटं. लाँचवाले यायचे, कॅन भरून न्यायचे. इंजिनाचं जळकं ऑइल मागच्या खड्ड्यात ओतायचे."

"आणि ही विहीर?"

"तिचं पाणी आम्ही गुरांना नाही दाखवत रे बाबा. आता बघून काय कळणार तुला? पागोळ्या लागल्या की ये."

जुलैत गेलो. पाणी पार वर चढलेलं. भावाने कळशी ओढून पायरीवर ठेवली. पाण्यावर सप्तरंगी तवंग फिरत होता, आणि वास असा, की कळशी घासूनही गेला नाही. आगळ राहिलं बाजूला, त्या पाण्याने पाय धुववेनात.

असं का होतं? जांभा सच्छिद्र. सांडलेलं डिझेल झिरपत खाली जातं आणि पाण्यावर तरंगतं. उन्हाळ्यात पाणी उतरतं, तसं तेही उतरतं आणि वाटेतल्या दगडाला चिकटतं. पावसात पाणी चढलं की त्यातलं काही सुटून वर येतं. म्हणून विहीर मेमध्ये बघा आणि जुलैतही बघा.

मनातलं एक बोलतो. हल्ली आपल्याकडे घरोघरी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवतायत. मला ते बघवत नाही. सारवलेल्या अंगणात काय सांडलं, पाणी कुठे मुरलं, सगळं डोळ्यांना दिसायचं. निदान तुळशीपुढची जमीन उघडी ठेवा हो.

तर, जागेची चौकशी. ग्रामपंचायतीत नमुना 8 चा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा मागा, त्यात भोगवटादाराचं, म्हणजे जागा वापरणाऱ्याचं नाव सापडतं. वीज कनेक्शन कशासाठी घेतलं होतं, ते विचारा. कारखाना असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र बघा. मालक देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. गूगल अर्थवर जुनी चित्रं उघडतात, त्यात खड्डे, टाक्या दिसतात. आणि पाणी तपासायला देताना तेल तपासायचंय असं वेगळं सांगा. बॅटरीचं दुकान असेल तर शिसं सांगा. पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत डिझेल शोधत नाहीत. पुन्हा सांगतो, वेगळं सांगा.

पण कागदाआधी शेजारी गाठा. आमच्या कामाला आलं ते त्या आजींचं बोलणं.

भावाने ती जागा सोडली. परवा त्या बाजूला गेलो होतो. "विकणे आहे"ची पाटी अजून तशीच, आणि विहिरीवर आता सिमेंटचा स्लॅब पडलाय. वास बाहेर येत नाही. आजी म्हणाल्या, "जागा बघायला कोणी आलं की मी हाक मारते."

नमस्कार.